राखून ठेवलेला फर्मा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दादा बाइंडिंगच्या दुकानात आला, टेबलावरचं पुस्तक त्याने उचललं आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं. पुस्तक पुरं शिवलेलं होतं. तो स्टुलावर बसला. एप्रन खुंटीवरच राहिला.

धाकटा भाऊ दारात हसत उभा होता. काल संध्याकाळी दादा घरी गेल्यावर उरलेला फर्मा, सोळा पानांची शेवटची घडी, त्यानेच शिवून टाकला होता.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला हवं? एक दिवस तरी तुझ्या डोक्याला ताप नको. आणि ही बघ, समुद्रावरच्या सहलीची तिकिटं. चार दिवस मजा."

धाकट्याला सुख असंच ठाऊक होतं. नवे बूट, नवा फोन, नवी सायकल; आठवडाभर कौतुक, मग माळ्यावर. "घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि ह्यांचं मन रिकामं ते रिकामंच," असं त्याची बायको येईल-जाईल त्याला ऐकवायची.

दादा मात्र रोज संध्याकाळी एक फर्मा न शिवता ठेवूनच उठायचा. धाकट्याला तो आळस वाटे.

"तुझी वहिनी गेली ना," पुस्तकाच्या पाठीवर अंगठा फिरवत दादा म्हणाला, "तेव्हा अंथरुणातून उठावंसंच वाटेना. मग आठवलं, एक फर्मा राहिलाय. तेवढ्यासाठी उठलो. सुई हातात आली की बरं वाटतं रे. आतून. तेव्हापासून तेवढ्यासाठीच उठतोय."

"मग दुसरं काढ की. कामाचा ढीग पडलाय."

"ढिगासाठी उठवत नाही."

सहलीला दोघे गेले. दादा वाळूवर बसून "छान आहे" म्हणाला, परक्या घरी जेवताना म्हणावं तसं. परतल्यावर तो दुकानात आलाच नाही. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही.

मग धाकट्याने स्वतः एक जाड पुस्तक शिवायला घेतलं. दोन टाके उसवले, पुन्हा घातले. जेवायचं राहून गेलं, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही. शेवटच्या फर्म्यापाशी तो थांबला, सुईत दोरा ओवून ठेवला आणि दादाच्या घरी गेला.

"दादा, एक फर्मा ठेवलाय. तुझ्यासाठी."

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "बरं," एवढंच म्हणाला.

त्याला आज अकरा दिवस झाले. दुकान नऊला उघडलं. धाकट्याचा हात दोनदा त्या सुईकडे गेला आणि मागे आला. साडेदहा वाजले तरी एप्रन खुंटीवरच होता.