मिशरीचं बोट

राहीबाईनं कोरड्यासाच्या भाजीतली मिरची ताटाच्या कडेला सारली, भाकरी दुधात कुस्करली आणि घास जिभेनंच उजव्या दाढेकडं ढकलला.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली विजयमाला समोर बसली होती. सातव्या महिन्याचं पोट सावरत ती हसली.

"आये, डोहाळं मला लागल्यात का तुला? खर्डा सोडून दूध-भाकरी?"

"पित्त झालंय," राहीबाई म्हणाली आणि पुढचा घास आणखी लहान घेतला.

डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. नवरा दाढीचा आरसा खुंटीला लावून रानात गेला, की राहीबाई तो काढून उंबऱ्यावर यायची आणि उजेडाकडं तोंड वासून बघायची. दिवाळीला चट्टा शेंगदाण्याएवढा होता. आता त्याच्या कडेला गाठ लागत होती. शेजारच्या जाईबाईचं असंच सुरू झालं होतं. मिरजेच्या दवाखान्यात नेऊन विजेचा शेक देऊन आणली, तरी शेवटी पाजलेलं पाणी गालातनं बाहेर यायचं. ते पदरानं टिपायला राहीबाईच बसायची, त्यामुळं पुढचं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. पोरगी सुखरूप मोकळी होईस्तवर कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. फारच चुरचुरलं तर त्या चट्ट्यावरच मिशरी दाबून धरायची. चोरालाच राखणीला बसवण्यातला प्रकार. पण घटकाभर बधिर व्हायचं हे खरं.

बाजारच्या दिवशी दोघी एस.टी.नं कराडला गेल्या. दवाखान्याच्या दाराशी चपला काढून आत शिरल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, रक्त कमी आहे का बघायला विजयमालाला जीभ दाखवायला सांगितली, आणि मग तिचा खालचा ओठ दोन बोटांनी ओढून धरला.

"मिशरी लावतेस?"

"लावती की. आमच्यात समद्याच बायका लावत्यात."

"कधीपासून?"

"साळंत असताना दाढ दुखायची, तवा आयेनं लावली. लय गुण आला." विजयमालानं कौतुकानं आईकडं बघितलं.

बाकावर बसलेल्या राहीबाईनं पदराचं टोक तोंडावर धरलं.

"हिरडी पांढरी पडलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज सोडलीस तर बहुतेक निवळेल. नाही सोडलीस तर हेच पुढं चिघळतं. आणि पोटातल्या बाळालाही बरं नाही."

इतके दिवस राहीबाई एकाच तोंडाला भीत होती.

बाहेर येऊन चपला घातल्यावर विजयमाला पायरीवर टेकली. कनवटीची डबी काढून तिनं मिशरीत बोट बुडवलं.

"माले, आत्ता काय सांगितलं बाईंनी?"

"त्यास्नी काय जातंय सांगायला! एकदाच गं आये, जीव कालवतोय. तू जलमभर लावतीयास. झालं का तुला काय?"

राहीबाईनं रस्त्याकडं बघितलं. मग ती लेकीशेजारी बसली, तिचा हात धरला आणि काळं बोट पदरानं पुसलं. लहानपणी जेवण झाल्यावर पुसायची तसं, नखाच्या कडेपर्यंत. आणि तोंड उघडून ते बोट स्वतःच्या डाव्या गालात घातलं.

"दाब," ती कशीबशी म्हणाली. "जरा मागं... हां. तितंच."

विजयमालाच्या चेहऱ्यावरचं हसू निम्म्यातच राहिलं. मांडीवरची डबी लवंडली.

"आये, ह्ये कवापासनं?"

बोट अजून गालातच होतं. राहीबाईनं डोळे मिटले.

गावाकडची गाडी भोंगा वाजवत निघाली. दोघींपैकी कुणीच वळून बघितलं नाही. पायरीवर सांडलेल्या मिशरीवर पाय देऊन त्या वर चढल्या, आणि मघाच्याच जागी पुन्हा चपला काढल्या. विजयमालानं आईला पुढं घातलं.