लाइन साफ आहे जी

आमचे हे प्लॅटफॉर्मवर हिरवी झेंडी धरून उभे असतानाच छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या जागी मला रेल्वेत घेतलं. कागदावर आलं, पॉइंट्समन. बाईमाणसासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द नाही. ड्यूटीही मिळाली ती सौंदडच्या पुढच्या त्याच लहान स्टेशनावर.

ट्रेनिंगमध्ये मला एकाच गोष्टीवरून बोलणी बसायची. "बाई, आवाज काढा! इंजनवाल्याले ऐकू गेला पाहिजे. देवघरात बसून राहिल्या का तुम्ही?" सगळे हसायचे, मीही हसून घ्यायची. महादेवाला पाणी घालून, जपाची माळ झाल्यावरच तोंडात घास, असा माझा रोजचा नेम. ओरडायची सवय कुठून येणार?

स्टेशन मास्तर लीलाधर बाबू माणूस चांगला, पण जुन्या सवयीचा. एका दुपारी मी काट्याशी उभी होते. गाडी कोणत्या रुळावर जाणार ते ठरवणारा सांधा, त्याला आम्ही काटा म्हणतो. बाबूंनी घाईत वॉकीटॉकीवर, जुन्या सवयीनं, यांच्याच नावानं विचारलं, "उमेंद्र, काटा लागला?"

मी बटण दाबायच्या आत उत्तर आलं.

"लागला जी साहेब."

आवाज यांचाच होता. शेवटचा शब्द जरा लांबवायची सवयसुद्धा तीच.

बाबू बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "किसी को बोलना मत, बाई," एवढंच म्हणाले. पण सवय जाते कुठे? घाई झाली की तोंडून तेच नाव निघायचं, आणि उत्तर यायचं.

मी घरी सासूबाईंना सांगितलं. त्या आधी रडल्या. मग रोज दारातच विचारू लागल्या, "आज का मनला वो माहा उमेंद्र?" ज्या दिवशी उत्तर आलेलं असायचं, त्या दिवशी त्या पोटभर जेवायच्या. पुढे तर यांचं ताटही वाढून ठेवू लागल्या. मी मना केलं नाही. मलाही तो आवाज हवाच होता.

मी यांचं नाव कधी घेतलं नाही. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं माहेरी शिकवलेलं. ते गेल्यावरही नाव तोंडी आलं नाही. आता घटायला काय उरलं होतं, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

धान कापणीला आलं होतं आणि दुपारीच वादळ सुटलं. वीज कडाडली आणि मास्तरांच्या पॅनेलवर दोन नंबरची लाइन लाल झाली, ती लालच राहिली. यंत्र बिघडलं की लाइनवर खरंच काही आहे, ते माणसानं चालत जाऊन पाहायचं आणि कळवायचं, मगच गाडी आत घ्यायची. मी निघाले. प्लॅटफॉर्म संपल्यावर मोहाची जाडजूड फांदी दोन्ही रुळांवर आडवी पडली होती.

तेवढ्यात वॉकी बोलला. "उमेंद्र, लाइन?"

"साफ आहे जी साहेब."

"साहेब, नाही, फांदी आहे…" मी बटण दाबून म्हटलं. माझा आवाज वाऱ्यातच विरला.

"साफ आहे जी," हे पुन्हा म्हणाले. शांतपणे, जसं रोज म्हणत असत.

"ठीक. गाडी घेऊन राहिलो."

सिग्नलबाहेर पॅसेंजर उभी होती. तिनं शिटी दिली. ह्यांना थांबवायचं कसं, ते मला कळत होतं. सासूबाई वाढून ठेवतात ते ताट डोळ्यांपुढे आलं. मी बटण दाबलं.

"उमेंद्र!" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा. "लाइन साफ नाही! तुम्ही गेलात जी. तुम्ही आता गेलात!"

वॉकीत नुसती खरखर राहिली.

"नीतू बोलते, साहेब. दोन नंबरवर फांदी आहे. गाडी घेऊ नका."

गाडी थांबली. गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, फांदी निघाली, गाडी गेली. खिडकीत बसलेल्यांना यातलं काही कळलं नाही. मग बाबूंनी, माझ्या देखत, मुद्दाम वॉकी तोंडाशी नेला. "उमेंद्र?" दोनदा म्हणाले. मग वॉकी टेबलावर ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या.

"आज का मनला वो?"

"आई, मी त्यायचं नाव घेतलं."

"काऊन वो?"

"गाडी येऊन राहिली होती. माणसं होती तिच्यात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण त्या परसात गेल्या, रांजणातलं गार पाणी बादलीत घेतलं, आणि मेल्याची खबर आल्यावर करतात तशी, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून अंघोळ केली.

मग रिकामी बादली माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "तूबी घे वो बाई."