सेजलची खुर्ची विमानात

ही २०२४ सालची गोष्ट. मोपाच्या पठारावरच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागून दीड वर्ष होऊन गेलं होतं, आणि कोरगावच्या लोकांना डोक्यावरच्या आवाजाची सवय झाली होती. विनोदिनीला मात्र झाली नव्हती. विमान गेलं की ती हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि ते ढगात शिरेपर्यंत मान वर करून बघत राहायची. शहात्तर वर्षांत ती कधी विमानात बसली नव्हती. आता चतुर्थी उरकून आठ दिवसांनी बसणार होती, तेही थेट अबू धाबीला.

तिची नात गौरवी तिथं नवऱ्याबरोबर राहायची. चतुर्थीला ती अडीच वर्षांच्या सेजलला घेऊन आली होती आणि जाताना आजीला महिनाभरासाठी सोबत नेणार होती. पासपोर्ट आला होता, व्हिसा आला होता, खास प्रवासासाठी म्हणून मोरपिशी रंगाची साडी आली होती. विनोदिनीनं ती चारदा उघडून पुन्हा घडी घालून ठेवली होती.

पण या आनंदात एक काटा होता. येतानाच्या प्रवासात सेजलनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. गाडीत मुलाला बांधून बसवायची तिची खुर्ची गौरवीनं सामानात दिली होती आणि पोर विमानाच्या साध्या सीटवर बसली होती. तो ढिला पट्टा तिला कुठला धरतोय. विमान उतरायला लागलं तशी ती खालून घसरली आणि पुढच्या सीटच्या पायावर आपटली. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ. त्यात भर म्हणून सामानाच्या पट्ट्यावरून खुर्ची आली ती मागून तडकलेली. तडकलेल्या खुर्चीत मूल बसवायचं नसतं, दिसायला धड असली तरी.

त्या दिवशी घरात पाऊल टाकताच गौरवी म्हणाली होती, "आजी, मी आता नवी खुर्ची मागवते. विमानात चालते ना, तसली. जाताना तिच्यात बसून नीट गेली तर दर चतुर्थीला आणीन. नाही तर ती पाच वर्षांची होईपर्यंत विमानाचं नाव काढू नकोस."

विनोदिनीनं मनातल्या मनात हिशेब केला. पाच वर्षांची होईपर्यंत आपण एकोणऐंशीच्या घरात. गुडघे आत्ताच कुरकुरतात. तेव्हा आपण असू की नसू, आणि असलो तरी पोर आपल्याला ओळखेल का? त्या दिवसापासून तिचा सगळा जीव त्या न आलेल्या खुर्चीत अडकला.

खुर्ची कुरियरनं आली. राखाडी कापडाची, जाड, जड. जायच्या आदल्या दिवशी विनोदिनीचा धाकटा भाऊ बाबली पाळी गावाहून टॅक्सी घेऊन आला. तीस वर्षं त्यानं खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत मातीचे ट्रक हाकले होते. खाणी बंद पडल्यावर टॅक्सी घेतली. गौरवी मागच्या सीटवर खुर्ची बांधत होती. बांधली तरी डुगडुगत होती.

"सर गो बाजूक," बाबली म्हणाला. त्यानं खुर्चीत गुडघा रोवला, सगळा भार घातला आणि पट्टा खेचला. मग खुर्ची धरून हलवली. टॅक्सी हलली, खुर्ची हलली नाही. "माल हलता कामा नये. हलणारो माल वळणावर ड्रायवराक खाता."

"माझी मुलगी माल नाही, बाबलीमामा."

"मगे तर जास्तच घट बांधूक जाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरवी सेजलला न्हाऊ घालत असताना विनोदिनीनं खुर्ची टॅक्सीतून उतरवून घेतली. नवी गाडी अंगणात आली की तिची पूजा केल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, हा त्या घरचा रिवाज. मुलाची स्कूटर असो की शेतातला टिलर, प्रत्येकाला हळद, पिंजर म्हणजे कुंकू, आणि जास्वंद मिळाली होती. ही तर पणतीची गाडी, आणि ती आकाशात जायची.

तिनं खुर्ची पाटावर ठेवली. बाबली चहाचा कप घेऊन बघत उभा राहिला.

"बाय, ह्येका चाकां नाय. लिंबू खंय ठेवतलंस?"

"तुझ्या टॅक्सीखाली ठेवते. तू गप चहा पी."

हळद लावली, फूल ठेवलं. तेलात कालवलेली पिंजर लावायची वेळ आली तेव्हा तिचा हात थबकला. कापडाला डाग पडला तर गौरवी बोलेल. तिनं खुर्ची फिरवून पाहिली. एका बाजूला प्लास्टिकवर गुळगुळीत पांढरा कागद चिकटवलेला होता, त्यावर बारीक तांबडी इंग्रजी अक्षरं. दुकानाचं नाव असेल, तिला वाटलं. एवढी मोकळी, कपाळासारखी जागा दुसरीकडे कुठे नव्हती. तिनं त्यावर पाच बोटं व्यवस्थित उमटवली, हात जोडले आणि खुर्ची पुन्हा बाबलीच्या हवाली केली. गौरवीला काही सांगायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

विमानतळावर तिचे डोळे दिपून गेले. एवढी काच, एवढा गारवा, आणि आपोआप सरकणारी जमीन. बाबली दाराशी थांबला, पुढे त्याला सोडत नव्हते. विनोदिनी एका हातानं ढकलगाडी आणि दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या सावरत नातीमागून चालली. पंधराव्या वर्षी तेरेखोलची खाडी होडीनं ओलांडताना निऱ्या अशाच सावरल्या होत्या, हे तिला आठवलं.

काउंटरवर साईश नावाचा तरुण होता, नाव छातीवर लावलेलं. त्यानं सामान घेतलं आणि खुर्चीकडे हात केला. "ही पण द्या मॅडम. हिचे वेगळे पैसे नाहीत."

"नाही, ही आत न्यायची. मुलीचं वेगळं तिकीट आहे, खिडकीची सीट घेतलीय. ही विमानाला चालते, बाजूला लिहिलंय बघा."

तिनं खुर्ची फिरवली. लिहिलेल्या जागी तांबडालाल थर होता. आणि अक्षरंही तांबडीच. साईशनं मान वाकडी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"इथं काही दिसत नाही."

गौरवीचा चेहरा उतरला. ती सेजलकडे वळली. "काय फासलंस गो हे? हात दाखव. दाखव म्हणते ना."

सेजलनं दोन्ही हात पाठीमागं लपवले आणि ओठ काढला. विनोदिनीला तो थर ओळखू आला. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण पोरीचा ओठ थरथरायला लागला होता.

"तिला बोलू नको. मी लावलं ते. पूजा केली."

"कसली पूजा?"

"गाडीची."

रांगेत मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. गौरवीनं डोळे मिटून घेतले. साईश मात्र हसला नाही. त्यानं फोन करून आपल्या वरिष्ठ बाईंना बोलावलं. अश्विनी त्यांचं नाव, डिचोलीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोटानं पिंजर चाचपली.

"अक्षरं वाचता आली नाहीत तर मला सोडता येणार नाही. मी सोडली तरी विमानात तपासतात, तिथून परत पाठवतील. खुर्ची खाली सामानात जाऊ दे, मुलीला सीटवर बसवा."

"मग झालंच," गौरवी म्हणाली. आजीकडे न बघता म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत पुढच्या दोन चतुर्थ्या विनोदिनीच्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या.

"तुमचं हे बंद कधी होतं, बाई?" विनोदिनीनं विचारलं.

"पंचवीस मिनिटं आहेत."

गौरवीनं पिशवीतून ओला रुमाल काढून घासायला सुरुवात केली होती. विनोदिनीनं तिचं मनगट धरलं. "पाणी लावू नको. पसरेल, आणि कागद उठेल. तेलाचं तेलानंच निघतं. सेजलच्या डोक्याच्या तेलाची बाटली कुठं आहे?"

ती तिथंच फरशीवर मांडी घालून बसली आणि खुर्ची आडवी मांडीवर घेतली. लग्नाकार्यात रेशमी लुगड्यांवर सांडलेली पिंजर तिनं आयुष्यभर काढली होती. सासरच्या बायका लुगडी तिच्याकडेच आणून टाकायच्या. कापूस नव्हता. तिनं क्षणभर मोरपिशी पदराकडे पाहिलं, मग त्याचं टोक खोबरेल तेलात भिजवलं.

घासायचं नाही, टिपायचं. कडेनं आत यायचं. पदराचा एक कोपरा लाल झाला, दुसरा झाला. तेल सुटलं तशी तिनं सेजलची पावडर भुरभुरवली, थांबली, आणि फुंकर मारून झाडली. पुन्हा तेल, पुन्हा पावडर. मागची रांग दुसऱ्या काउंटरवर गेली होती, पण दोनतीन माणसं सामान सोडून बघायलाच थांबली होती. सेजल शेजारी उकिडवी बसून फुंकर मारायला लागली.

"अक्षरं पण तांबडी आहेत, आजी," गौरवी हळूच म्हणाली. "ती निघाली तर?"

हीच भीती विनोदिनीच्या बोटांत होती. "पिंजर वर बसते, शाई आत बसते," ती म्हणाली. खरंच तसं असतं का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

साईश काउंटर सोडून गुडघ्यांवर बसला. "आलं एक अक्षर. दुसरं आलं. थांबा, आजी, आता हळू." तो एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागला, शाळेतल्या पोरासारखा. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीच्या मधोमध एक शब्द अर्धा फिका पडला होता. साईश त्या शब्दावर अडला.

अश्विनीबाई वाकल्या. मोबाईलचा दिवा लावून त्यांनी तिरका धरला. छापताना दाबलेल्या अक्षरांच्या कडा उजेडात उठून दिसल्या. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि फोटो काढून घेतला.

"पूर्ण वाचता येतंय. चालेल." मग उठता उठता म्हणाल्या, "माझ्या आईनं माझ्या स्कूटरच्या नंबरावरच लावलं होतं. दोनदा अडवलं मला. बोर्डिंग पास काढ, साईश, नऊ मिनिटं राहिलीत."

पुढचं सगळं विनोदिनीला पळतच झाल्यासारखं आठवतं. तपासणीच्या यंत्रात खुर्ची सरळ जाईना, ती आडवी करून घातली. लहान मुलं असलेल्या लोकांना विमानात आधी सोडलं. खुर्ची खिडकीकडेच लावायची, म्हणजे कुणाची वाट अडत नाही. पण विमानाचा पट्टा आखूड आणि कमरेपुरता. गौरवीनं तो खुर्चीच्या मागून ओवला, खेचला. खुर्ची डुगडुगत राहिली. हवाई सुंदरी शेजारी उभी राहून बघत होती.

"सर बाजूला," विनोदिनी म्हणाली. तिनं साडी जरा वर खोचली, कुरकुरणारा गुडघा खुर्चीत रोवला आणि पट्टा असा खेचला की पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं. हवाई सुंदरीनं कागदावरची ओळ वाचली, खुर्ची धरून हलवली. हलली नाही. तिनं अंगठा वर केला.

सेजल आपल्या ओळखीच्या पट्ट्यांत बसली आणि विमान धावायच्या आतच पाय हलवत गाऊ लागली. विमान उठलं तेव्हा विनोदिनीनं मधल्या सीटवरून मान लांब केली. लाल पठार, हिरवी शेतं, खाडीचं वळण. कोरगाव कुठलं ते कळायच्या आत समुद्र आला. ती एकटीच हसत होती. "बाबलीचा ट्रक चढाला लागला की असाच आवाज करायचा," ती म्हणाली. "तुझ्या आईला तेव्हा मी लुगड्यानं पोटाशी बांधायचे. दुसरं काय होतं?"

गौरवी पिशवी आवरत राहिली. ती अजून थोडी घुश्शात होती. समुद्रावर तासभर गेला. सेजल झोपली, मान खुर्चीच्या कडेला टेकलेली, तोंड उघडं. आणखी दोन तासांनी विमान उतरायला लागलं, कानात दडे बसले, मागं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. सेजल जागची हलली नाही.

चाकं जमिनीला लागली तेव्हा गौरवीनं मोबाईल उघडून तारखा बघायला सुरुवात केली. "पुढच्या वर्षी चतुर्थी ऑगस्टात आहे," ती म्हणाली. "तिकिटं लवकर काढायला हवीत, आजी. खिडकीची सीट मिळायला पाहिजे."

विनोदिनीनं मान हलवली आणि सेजलच्या कपाळावरचे केस मागं सारले. 

गौरवी शब्दाला जागली. पुढल्या चतुर्थीला सेजल त्याच खुर्चीत बसून आली आणि आरतीला झांजा बडवून तिनं सगळ्यांचे कान किटवले. अश्विनीबाईंची बदली हैदराबादला झाली. साईशनं नोकरी सोडली. तो आता डिचोलीत वडिलांच्या काजूच्या धंद्यात आहे आणि विनोदिनीला दर मोसमात अर्धा किलो पाठवतो. तडकलेली खुर्ची कुणी चुकून वापरू नये म्हणून बाबलीनं तिचे पट्टे कापले. पाळीला त्याची तांबडी कोंबडी तिच्यात अंडी घालते. मोरपिशी साडीच्या पदराचा डाग काही निघाला नाही, विनोदिनी ती घरात नेसते. ती आणखी दोनदा विमानात बसली आणि आता अंगणात धावत येत नाही, स्वयंपाकघरातूनच कुठलं विमान ते सांगते. बाबली म्हणायचा की आपण जमिनीवरचा माणूस. मागल्या महिन्यात त्यानं पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला.