तागा मिटताना

पावाची पिशवी मुलीने बोटाच्या टोकाने काचेवरून पुढे सरकवली आणि हात चटकन काउंटरखाली नेला. त्याने पिशवी उचलली नाही. काठी काउंटरला टेकवून, उजव्या हाताने काचेची कड धरून तो तिच्याकडे बघत उभा होता. ओठांची जुळवाजुळव चालली होती. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकोला माहीत होतं, आता ते वाक्य येणार.

"दिवे… कशाला… लावलेत?" तो म्हणाला. प्रत्येक शब्दाचं शेपूट लांबत गेलं. "तुम्ही… आहात ना."

मुलीने वरच्या दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याची डावी पापणी पुरती मिटत नसे, त्यामुळे तो डोळा सारखा कुणावर तरी रोखलेला वाटे. ओठाच्या त्याच कोपऱ्यात ओल जमली होती.

"अजून काही हवंय?" मुलीने विचारलं, पण त्याला नाही, त्याच्या बायकोला.

"नाही गं, एवढंच."

"काका कुठले? बोलण्यावरून इकडचे वाटत नाहीत."

"इकडचेच आहेत. मागच्या गल्लीत राहतो आम्ही."

मुलगी "हो का" म्हणाली आणि उगीचच रिकामा ट्रे पुसायला वळली.

बाहेर आल्यावर बायकोने त्याच्या हातात काठी दिली, कोपऱ्यावर पोचल्यावर रुमालाने त्याचा ओठ टिपला. चारचौघांत टिपलेलं त्याला आवडत नसे, म्हणून ती कोपऱ्यापर्यंत थांबायची.

"तिला… काय झालं?"

"कुठं काय?"

"हसली… नाही."

"नवीन आहे हो. कामाच्या घाईत असेल."

तो चालत राहिला. आधी काठी, मग पाय, मग फरफटत दुसरा पाय. दिव्याच्या खांबापाशी येऊन थांबला.

"मी… तेच तर… बोललो."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हे वाक्य, अगदी याच चालीत, तिने पूर्वी कितीदा तरी ऐकलं होतं. ऐकून पोट धरून हसली होती.

सगळी नोकरी त्याने एका कापडाच्या दुकानात उभ्याने काढली. उंच, सरळ नाकाचा, कपाळावर एक बट मुद्दाम सुटल्यासारखी. आवाज असा की साधा भाव सांगितला तरी गुपित सांगितल्यासारखा वाटावा. ते दिव्याचं वाक्य त्याचंच. दुकानात बाई शिरली की तो वर बघायचा आणि कपाळाला आठी घालून म्हणायचा, "दिवे कशाला लावलेत? तुम्ही आहात ना." बायका हसायच्या. वयस्कर असली तर "चला, काहीतरीच!" म्हणायची आणि लागतं त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त घेऊन जायची. ती स्वतः मावशीबरोबर कोटाचं कापड घ्यायला गेली होती तेव्हा तिलाही त्याने तेच ऐकवलं होतं. ते आपल्यासाठीच सुचलेलं आहे, असं ती धरून चालली. लग्नानंतर एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला गेली, तेव्हा डबा हातात घेऊन उभ्या उभ्या तिने ते वाक्य तीन वेगवेगळ्या बायकांना बोललेलं ऐकलं. त्यावर ती बरेच दिवस फुरंगटून होती. मग तिने ते सोडून दिलं. बोलण्यापलीकडे तो कधी गेला नाही, हेही खरं होतं.

"तोंडाकडे बघायचं नसतं," तो तिला धंद्यातली खुबी सांगायचा. "तोंड खोटं बोलतं. हात बघायचे. हात कापडावर आहे तोवर गिऱ्हाईक आपलं. हात मागे गेला, की मुकाट कापडाचा तागा मिटायचा. एक शब्द जास्त बोलायचा नाही."

त्याच दुकानात मागच्या बाजूला अस्तराच्या कापडाचा विभाग होता. तिथला माणूस दूरच्या मुलखातून आलेला, बुटका, चेहऱ्यावर देवीचे वण. बोलताना शब्द तोंडात घोळवायचा आणि शेवटी ओढून सोडायचा. सगळे त्याला अस्तरवाला म्हणत. पुढच्या काउंटरवरचं हसणंखिदळणं तो रोज मागून बघत असे. एके दिवशी त्यानेही एका बाईला ते दिव्याचं वाक्य म्हटलं. बाईने हातातलं कापड तसंच टाकलं आणि ती तडक मालकाकडे गेली. त्याच संध्याकाळी अस्तरवाल्याला पाठीमागच्या गोदामात गठ्ठे सोडायला बसवलं. जाताना तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाला होता, "मी तेच तर बोललो."

तिच्या नवऱ्याने ते उचललं. कुणाचं लग्न असो, कुणाची निवृत्ती असो, जेवणं झाली की फर्माईश ठरलेली. "होऊन जाऊ दे अस्तरवाला!" मग तो उठायचा, ओठ एका बाजूला ओढायचा, एक डोळा टक्क उघडा ठेवायचा आणि जीभ जड करून सुरुवात करायचा. शेवटच्या "मी तेच तर बोललो"ला लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तीही डोळे पुसायची. दर वेळी.

म्हणूनच, पक्षाघाताचा झटका आल्यानंतर दवाखान्यात कितीतरी दिवस गप्प पडलेला तो जेव्हा पहिल्यांदा बोलला, "पाणी… दे गं," तेव्हा ती हसली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने आनंदाने सांगितलंही, "बघा, इतकं झालं तरी नकला सुटत नाहीत यांच्या!" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो नक्कल करत नव्हता.

आवाज परत आला तो असाच. फोनवर नातवाने विचारलं, "आजी, हे कोण बोलतायत?" मित्र सुरुवातीला आले. त्याने एक वाक्य पुरं करेपर्यंत घड्याळाकडे, मग चपलांकडे बघू लागले, आणि यायचे थांबले. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना तो मास्तरीण म्हणे.

"घरच्यांशी बोललेलं पुरत नाही. तुम्हांला तर ते न बोलताच कळतं. बाहेरच्या माणसांशी रोज बोलायला लावा त्यांना. सवय तुटली तर आत्ता आहे तेवढंही जाईल."

त्याला चालवत होतं ते बेकरीपर्यंतच. म्हणून रोज संध्याकाळी बेकरी. तो दुपारपासूनच केस विंचरून बसे. आणि इतर सगळे शब्द शोधावे लागत असताना, ते दिव्याचं एकच वाक्य त्याच्या जिभेला अख्खं सापडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुधाला एकटीच निघाली, तेव्हा बेकरीवाल्याने दारातूनच हाक मारली. तो तिच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झाला होता.

"काकू, आत या ना जरा. रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"काका भला माणूस आहे. मला सांगायला नको. पण ही पोरगी घाबरते हो. म्हणते, ते एकटक बघतात."

"त्यांची ती पापणी मिटत नाही रे."

"मला कळतं. तिला सांगितलं मी. पण भीती सांगून जाते का?" त्याने मान खाली घातली. "मी काय म्हणतो, तुम्ही कशाला पायपीट करता? आजपासून पाव मीच घरी पाठवत जाईन. ताजा, गरम. वरचे पैसे नकोत."

तो मनापासून बोलत होता. तिला कुठेच बोट ठेवता येईना.

तेवढ्यात बिस्किटांची खोकी घेऊन एक तरुण आत आला. रुंद खांद्यांचा, बोलणं गुळगुळीत. खोकी खाली ठेवून त्याने काचेवर दोन्ही कोपरं टेकली आणि तोंड मुलीच्या अगदी जवळ नेलं.

"तक्रार आलीये. म्हणे आमची बिस्किटं गोड नाहीत. कशी असणार? सगळी साखर इथं काउंटरवर उभी!"

"जा हो, चावट कुठले!" मुलगी खळाळून हसली आणि त्याच्या हातावर पावती मारली.

बेकरीवालाही हसला. काकूही हसली, हसू अगदी आपोआप आलं. गल्लीत वळल्यावर मात्र ते अजून तोंडावर आहे हे लक्षात येऊन तिने ओठ पुसले. मुलीचा राग करायचा म्हटलं तरी तो येईना. आपली लेक त्या जागी असती, तर आपण तरी तिला काय सांगितलं असतं?

संध्याकाळी तो बूट घालून खाटेच्या कडेवर बसला होता. भांग नीट पाडलेला.

"आज बेकरी बंद आहे," ती म्हणाली.

"का?"

"रंग लावतायत. चालेल बरेच दिवस."

तो बुटांकडे बघत राहिला. तिला ते बघवेना. तिने जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलं, त्यावर घडी मोडून एक मोठा निळा रुमाल पसरला आणि ती पलीकडे जाऊन उभी राहिली.

"या साहेब, या. काय दाखवू?"

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग चेहऱ्याची उजवी बाजू हसली. काठी टेकत तो टेबलापाशी आला.

"भाव… आधी."

"भाव एकच. घासाघीस चालायची नाही."

"तुम्ही… मालकीण?"

"छे हो, नोकर. मालक चहाला गेलेत. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या!"

तो घशातून हसला. कितीतरी दिवसांनी हसला. तिलाही हुरूप आला. तिने रुमालावर तळहात पसरला आणि मान तिरकी करून वाट बघत राहिली. त्याने आपला हात रुमालावर तिच्या हाताशेजारी ठेवला. पुढे वाकला. ओठ जुळवू लागला. डावा डोळा तिच्यावर खिळला होता. ओठाच्या कोपऱ्यातून एक धार हनुवटीवर उतरली आणि त्याचा गरम श्वास तिच्या गालाला लागला.

"दिवे… कशाला… लावलेत? तुम्ही…" तो थांबला, आणि मग खालच्या आवाजात, जड जिभेने म्हणाला, "तू… आहेस ना."

हा बदल त्याने आजवर कधी केला नव्हता.

"चला, काहीतरीच!" ती म्हणाली आणि हसली. त्या बायका हसायच्या तशीच, अगदी मोकळी हसली. तिच्या आवाजात, चेहऱ्यात कुठे काही उणं नव्हतं.

पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याच्या नजरेच्या मागोमाग तिने खाली पाहिलं. रुमालावर त्याचा एकट्याचा हात होता. तिचा हात तिच्या स्वेटरच्या वरच्या बटणाशी होता, मुठीत गळा आवळून धरल्यासारखा. तो तिथे कधी गेला, तिला कळलंच नव्हतं.

तिने तो घाईने परत रुमालावर ठेवला.

"अहो, परत म्हणा ना. छान म्हणालात."

त्याने मान हलवली. मग रुमालाचं टोक धरून हळूच ओढलं, कोपराने एक बाजू दाबून धरली आणि एका हाताने घडी घालायला लागला. काठाला काठ, मग पुन्हा काठाला काठ. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्याने बाजूला केला. घडी अगदी सरळ आली. तळव्याने त्याने ती दोनदा दाबली आणि तिच्याकडे सरकवली, बोटाच्या टोकाने.

"बेकरीला… रंग नाही… लावत."

तिने ती घडी उचलली.

तो खुर्चीवर बसला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"गोदामाला," तो म्हणाला, "खिडकी… नव्हती."

अस्तरवाल्याला बसवलं होतं त्या गोदामाला, हे तिला विचारावं लागलं नाही. बाहेर अजून पुष्कळ उजेड होता. तरी ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने दिवा लावला. त्या उजेडाने त्याची एकच पापणी मिटली.