झाकण न काढता दिसलेला तारा

मी दानीएल मास्तरांची दुर्बीण बोलतेय. पितळेची, ऐटदार वगैरे समजू नका. माझी नळी पत्र्याची, बेलापुरातच वळवून घेतलेली. पोटातला सहा इंची आरसा मात्र मास्तरांनी शाळा सुटल्यावर बसून, आठ महिने स्वतःच्या हातांनी घासला.

हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्यावर त्यांचा जीव. दिसायला एक, पण आहेत दोन. एक म्हातारा, फुगलेला, लाल. दुसरा चिमुकला, तापलेला, पहिल्याचा वायू ओढून घेत त्याच्याभोवती फिरणारा. ओढता ओढता हा जोड एखाद्या दिवशी भडकतो. केव्हा, ते सांगता येत नाही. मास्तर रोज संध्याकाळी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज वहीत लिहीत.

एकाहत्तरच्या सप्टेंबरात मला कळलं, की मी दिलेला उजेड त्यांच्या डोळ्यात शिरतच नाही. काचबिंदू. ते कुणाला बोलले नाहीत. रोज येत, वाकत, आकडा लिहीत. आणि आकडा बरोबर असे. मला त्यांची भीती वाटू लागली.

डिसेंबरात लढाई चालली होती. गावानं दिवे झाकले होते. एका तिन्हीसांजेला मास्तर माझ्यावर वाकले आणि ओरडले, "मरिया, भडकला! लई भडकला!"

त्यांची बायको मरियाबाई धावत आल्या आणि थबकल्या. "अहो, झाकण तर काढलंच न्हाई."

मास्तरांनी माझं तोंड चाचपलं. हातांना थंड पत्रा लागला. बाईंनी झाकण काढलं, डोळा लावला. एरवी शेजाऱ्यांहून मंद असणारा तारा त्या सगळ्यांवर मात करून जळत होता.

"भडकलाय हो," त्या पुटपुटल्या. "पण तुमाला कसं दिसलं?"

"मला सप्टेंबरापासून काहीच दिसत न्हाई," मास्तर म्हणाले. "वही आण. तेव्हापासूनचं सगळं खोड."

"बरोबर असलं तरी?"

"मी पाहिलेलं न्हाई ते. आजचं तू लिही. तुझ्या नावानं."

लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात बाईंनी एकेक ओळ खोडली. त्यातली एकही चुकीची नव्हती. पण दुर्बिणीची साक्ष कोण घेणार?

मास्तर गेले त्याला आता वर्ष झालं. मरियाबाई रोज येतात, पाहतात. लिहिण्याआधी मात्र त्या मागच्या, मास्तरांच्या रिकाम्या खाटेकडे वळतात, क्षणभर कान देतात आणि ठामपणे मान हलवतात, "न्हाई. मी पाहीन तेच लिहीन."

कुणाला म्हणतात, ते मला विचारू नका. माझं काम उजेडापुरतंच.