हेलीच्या शेळीचा खुंटा

मी खुंटा बोलतोय. खैराच्या लाकडाचा, गोठ्यातला. एका जागी उभं राहायचं आणि दुसऱ्याला धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

खोडाळ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत बुधाचं घर आहे. थोड्या शेळ्या, बैलजोडी, नागलीचं वावर. माणसं दोनच, बुधा आणि त्याची बायको मंगळी. दोन हजार सालच्या हिवाळ्यात मी त्यांच्या अंगणात सरपणात पडलो होतो, तेव्हा त्यांच्याकडं एक गोरी पोरगी आली. समुद्रापलीकडची. देश बघत हिंडायची, कुणाच्या घरी राहून गुरांचं काम करायची आणि त्यांच्यातलीच भाकर खायची.

तिचं नाव हेलेना. मंगळीची जीभ काही वळेना.

"हेलीच म्हणते मी," मंगळी म्हणाली.

"अगं, हेला म्हणजे रेडा. पोरीला रेडी करतेस का?"

"मग? कामाला तशीच हाय ती. तुझ्यासारखी बसून नाय राहत!"

खरंच होतं ते. हेली लेंड्या झाडायची, पाला तोडून आणायची, थंडीत कुडकुडणारं करडू पोटाशी धरून बसायची. मंगळीला पोटचं लेकरू नव्हतं. ती हेलीच्या केसांना तेल लावताना फार हळू हात चालवायची.

भाषा हेली ऐकून ऐकूनच शिकली. मंगळी म्हणायची, "ही तुझी भाकर. ही तुझी गोधडी." त्यामुळं 'तुझी' म्हणजे स्वतःची, असं तिनं धरलं. आपल्या भाकरीला ती 'तुझी' म्हणायची आणि मंगळीच्या भाकरीला 'माझी'. घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. मग बुधा स्वतःच्या छातीवर हात ठेवून शिकवायचा, "माझी. अशी, माझी." त्यानंतर तिचं कधी सरळ यायचं, कधी उलटं.

जायच्या आधीच्या बाजारातून हेलीनं एक तांबडी शेळी आणली. तिच्यासाठी बुधानं मला कोयत्यानं तासलं, दगडानं डोक्यावर ठोकून जमिनीत बसवलं.

निघताना हेलीनं शेळीच्या मानेवरून हात फिरवला. खाली जीप भोंगा वाजवत होती. बुधाकडं बघून ती म्हणाली, "ही माझी." आणि डोळे पुसत उतरून गेली.

"उलटं बोलली ती," मंगळी म्हणाली. "आपल्याला दिली शेळी."

"नाय. मी शिकवलं होतं तिला. तिची हाय. आपण राखायची."

आमच्याकडं दुसऱ्याची शेळी पाळली, तर एक पिल्लू धन्याचं, एक पाळणाऱ्याचं. बुधानं तसंच केलं. हेलीच्या वाट्याची पिल्लं मोठी झाली, तरी विकली नाहीत. मंगळी कुरकुरायची, पण पाला पहिला हेलीच्या शेळीपुढं टाकायची.

पुढं एका पावसाळ्यात मंगळीला ताप चढला, उतरेना. बुधानं आपल्या शेळ्या विकल्या, मग बैल विकले. जव्हारला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, नाशिकला न्या. आता गोठ्यात फक्त हेलीची शेळी आणि तिची पिल्लं उरली होती.

सकाळी बुधा माझ्यापाशी आला. त्याची बोटं दाव्याची गाठ सैल करू लागली. ती मला अजून जाणवतात.

अंथरुणावरून मंगळी बोलली, "नको सोडू."

"तूच म्हणायचीस ना, आपली हाय म्हणून?"

"म्हणायची. पण पोर आली, तर तिला रिकामा खुंटा दाखवशील का?"

बुधानं गाठ परत आवळली. अमावास्येच्या आत मंगळी गेली.

नंतर शेळीही म्हातारी होऊन गेली. तिची पिल्लं, त्यांची पिल्लं गोठ्यात आहेत, पण माझ्याशी बुधा कुणालाच बांधत नाही. संध्याकाळी शेजारी बसतो, माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि पुटपुटतो, "माझी. अशी, माझी." हेली अजून आलेली नाही.

मला वाळवी लागत नाही, म्हणून मी आहे. तुम्ही देशोदेशी फिरणारी माणसं. कुठं हेली भेटली, तर एवढं विचारा, ती शेळी कुणाची होती? 'माझी' म्हणाली, तर धावत येऊन बुधाला सांगा.

आणि 'त्यांचीच' म्हणाली, तर मात्र इकडं येऊ नका. त्याला तसंच बसू द्या.