गोल पिन

आनंदराजने दोन्ही चार्जर हातात घेऊन पाहिले. दोन्ही गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये बसणारे होते. फरक फक्त वायरच्या टोकाला होता. एकाला गोल पिन, दुसऱ्याला चपटी.

"तुमच्या प्लेअरला कोणती हाय?" नांदेडच्या त्या दुकानदाराने विचारले.

आनंदराजला ठाऊक होते. सकाळी हिमायतनगरहून निघताना वडिलांनी, साहेबरावांनी, वीतभर लांबीचा गाण्यांचा प्लेअर त्याच्यासमोर धरला होता. "घरचं चार्जर इसरलं बघ. गोल पिनचं लागतंय. नांदेडात घेऊ." भोकरपर्यंत प्लेअर वाजला आणि बंद पडला. त्यात सगळी भीमगीतं होती, काही साहेबरावांच्याच आवाजातली. तरुणपणी ते गावोगावी जाऊन गायचे.

त्याने रस्त्यापलीकडे पाहिले. गाडीत मागे वडील होते आणि पुढच्या सीटवर वैजनाथराव येऊन बसले होते. ते लातूरच्या ऑफिसातले त्याचे वरिष्ठ. नांदेडचे काम आटोपून सोबतच परतणार होते. मागच्या महिन्यात त्यांच्याच शब्दावर आनंदराजला त्यांच्या कॉलनीत घर मिळाले होते. 'आडनावावरून काही कळत नाही हो तुमचं,' असे घरमालक म्हणाला, तेव्हा आनंदराज नुसता हसला होता. आता लातूरपर्यंत तीन तासांचा रस्ता होता.

"चपटी द्या," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याने वायर मागे दिली. साहेबरावांनी तीस वर्षे वायरमनची नोकरी केली होती. पिन लावून बघायची त्यांना गरज पडली नाही. त्यांनी ती एकदा पाहिली, मग आरशात दिसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहिले.

"बसंना का, काका?" वैजनाथराव वळून म्हणाले. "दुकान समोरच हाय. बदलून आणू की."

"ऱ्हाऊ द्या, साहेब. प्लेअरच जुना हाय."

आनंदराजने गाडी सुरू केली.

लोहा मागे पडल्यावर वैजनाथरावांनी सहज विचारले, "कोणती गाणी ऐकता, काका?"

साहेबरावांनी बंद प्लेअर मांडीवर पालथा ठेवला.

"भजनं," साहेबराव म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं काय, असंच असतंय."

"चांगलं हाय."

हेच साहेबराव नोकरीत असताना कोणत्याही साहेबाला 'जय भीम' म्हणत. त्यापायी दोनदा त्यांची बदली झाली, तरी त्यांनी ते सोडले नाही. आज मुलासाठी ते खोटे बोलले होते, आणि इतक्या सहज, की जणू सवयच असावी.

अहमदपूरला तिघे चहाला थांबले. आनंदराजने कप तसाच ठेवला आणि शेजारच्या मोबाइलच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा दोघे गाडीत बसले होते. त्याने गोल पिनचा नवा चार्जर सॉकेटमध्ये बसवला, वायर मागे दिली.

"लावा, बाबा."

"कशाला उगंच."

"लावा." तो वैजनाथरावांकडे वळला. "साहेब, भजनं न्हाईत ती. भीमगीतं हायत. बाबांनी गायलेली."

वैजनाथरावांनी त्याच्याकडे पाहिले. "असं का," म्हणाले आणि सीटबेल्ट ओढून लावला.

प्लेअरचा दिवा लागला. ढोलकी वाजली, पाठोपाठ एक खणखणीत, तरुण आवाज गाडीभर झाला. मग तो कमी होत गेला. आनंदराजने आरशात पाहिले. साहेबरावांचा अंगठा बटणावर होता.

"वाढवा की, काका," वैजनाथराव म्हणाले.

"बास हाय एवढा."

"बाबा, वाढवा ना."

साहेबरावांनी नकारार्थी मान हलवली. प्लेअर कानाशी धरला आणि गाडी चाकूर ओलांडून गेली तरी तो तसाच धरून ते बाहेरच्या शेतांकडे बघत राहिले.